दुखायचं थांबलं म्हणजे हॅमस्ट्रिंग भरून आली असं नाही

भातकापणी आटोपली की गोव्यातल्या कितीतरी गावांत रिकाम्या शेतांची मैदानं होतात. बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात आणि पावसाळाभर घरात बसलेले पाय एकदम पूर्ण वेगात धावायला लागतात. सामना संपत आलेला असतो, दम गेलेला असतो आणि चेंडूमागे सुसाट निघालेला एखादा खेळाडू मांडीच्या मागे हात लावून जागच्या जागी थांबतो. पुढचं सगळं ठरलेलं. कडेला नेऊन मांडी तेलाने खसाखसा चोळायची, कोणीतरी फेणी आणतो, कोणी पाय वर धरून खेचतो. मग आठ-दहा दिवस घरी पडून राहायचं आणि दुखायचं थांबलं की पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात. तिथे त्याच जागी, बहुतेक वेळा आधीपेक्षा जोरात, स्नायू पुन्हा फाटतो.

या क्रमातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची आहे आणि ती का चुकीची हे एकदा समजलं की फिजिओथेरपिस्ट सांगतो तो व्यायाम कंटाळवाणा वाटत नाही.

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात, त्यांनाच मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसल्यावर खुर्चीला टेकतं त्या बैठकीच्या हाडापासून ते सुरू होतात आणि गुडघ्याखाली जाऊन चिकटतात. बाहेरच्या बाजूला बायसेप्स फेमोरिस, आतल्या बाजूला सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस. गुडघा वाकवणं आणि पाय कंबरेतून मागे नेणं ही त्यांची कामं सगळ्यांना माहीत असतात. तिसरं काम मात्र लक्षात येत नाही. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा तो जमिनीला टेकायच्या आधी या स्नायूंना त्याचा वेग रोखावा लागतो. म्हणजे स्नायू लांब होत असतानाच ताकद लावतो. बहुतेक हॅमस्ट्रिंग याच क्षणी जातात आणि त्यातही सगळ्यात जास्त मार बसतो तो बायसेप्स फेमोरिसच्या लांब भागाला.

दुसरा प्रकार वेगळा. चेंडू उंचावरून मारताना, गोलरक्षकाचा पाय चिखलात घसरून दोन्ही पाय फाकताना, नाचताना पाय उंच जाताना स्नायू प्रमाणाबाहेर ताणला जातो. ही इजा बैठकीच्या हाडाजवळ होते. पहिल्या दिवशी ती फारशी दुखत नाही, माणूस चालत घरी जातो, म्हणून सगळे तिला हलकी समजतात. प्रत्यक्षात भरून यायला हीच जास्त वेळ घेते. म्हणून तपासताना पहिला प्रश्न ‘किती दुखतंय’ हा नसतो, ‘नेमकं काय करताना झालं’ हा असतो. मग उपडं झोपवून अंगठ्याने दाबत दाबत सगळ्यात दुखरी जागा शोधायची आणि ती बैठकीच्या हाडापासून किती दूर आहे ते पाहायचं. हाडाच्या जितकी जवळ, तितके आठवडे जास्त धरून चालावं.

इजेच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत थोडे तंतू तुटतात, चालता येतं, ताकद फारशी जात नाही. दुसरीत बराच भाग फाटतो, माणूस लंगडतो, दोन-तीन दिवसांत काळंनिळं दिसायला लागतं. हा काळसर डाग खाली गुडघ्याच्या मागे उतरतो, तेव्हा घरचे घाबरतात. पण ते साकळलेलं रक्त वजनाने खाली सरकतं, नवीन काही झालेलं नसतं. तिसरीत स्नायू किंवा त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, पूर्ण तुटतो. ‘फट्’ असा आवाज झाला, हाताला खळगा लागतोय, पायावर भारच देता येत नाही, असं असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचं. शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलांत आणखी एक गोष्ट जपावी लागते. बैठकीच्या हाडाचं वाढीचं टोक या वयात पक्कं जोडलेलं नसतं आणि स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच ओढून निघू शकतो. बैठकीच्या हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल तर अशा मुलाचा एक्स-रे काढल्याशिवाय त्याला पुन्हा पळवू नये.

आता पहिले दोन-तीन दिवस. खेळ तिथल्या तिथे थांबवायचा. ‘जरा पळालास की मोकळं होईल’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकायचं नाही. गुडघ्याच्या वरपासून जांघेपर्यंत, खालून वर, क्रेप बँडेज बांधायचं. पावलाला मुंग्या आल्या किंवा बोटं गार पडली तर ते सैल करायचं. बर्फ टॉवेलात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बाजारातून आणलेला मासळीचा बर्फ असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या, खरचटलेल्या कातडीला तो लागू देऊ नका. बर्फाने दुखणं कमी होतं एवढंच. त्याने स्नायू लवकर जुळतो असा भरवसा देता येत नाही. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चौकडी १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केली आणि पुढे त्यांनीच बर्फ आणि पूर्ण आरामाबद्दलचं आपलं मत बदललं.

चोळणं, शेकणं, ताणणं आणि दारू या चार गोष्टी पहिल्या तीन दिवसांत पूर्ण बंद. आत बारीक रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात. चोळलं किंवा शेकलं की रक्तस्राव वाढतो, साकळलेल्या रक्ताचा गोळा मोठा होतो आणि तो विरघळेपर्यंत पुढचं काम अडतं. तेल लावायला हरकत नाही, जोर लावायला आहे. आठवडाभराने हलक्या हाताने मालिश केली तर चालते, पण तोवर आजीलाही प्रेमाने नाही म्हणायचं. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचीही घाई करू नये. पहिल्या दिवसांतली सूज फाटलेले तंतू साफ करायचं काम करत असते. दुखणं सहन होत नसेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावं.

तीन दिवसांची काळजी म्हणजे तीन आठवड्यांचा आराम नव्हे. डेन्मार्कमध्ये मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या हौशी खेळाडूंवर एक चाचणी झाली, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. एका गटाने दुखापतीनंतर दुसऱ्या दिवशी व्यायाम सुरू केला, दुसऱ्याने नवव्या दिवशी. पहिला गट साधारण ६२ दिवसांत खेळात परतला, दुसऱ्याला ८३ दिवस लागले. सुरुवातीला आठवडाभर जास्त पडून राहायची किंमत शेवटी तीन आठवडे. खेळाडूच्या घरच्यांना आणि संघाच्या व्यवस्थापकाला मी हाच आकडा आधी सांगावा असं म्हणेन.

असं का होतं? फाटलेल्या तंतूंची दोन टोकं एकमेकांकडे वाढत असतात आणि मधली फट कोलेजन नावाच्या चिवट धाग्यांच्या व्रणाने भरते. पहिल्या दहा दिवसांत हा व्रणच सगळ्यात कच्चा असतो, म्हणून झटका नको. पण त्यावर ओढच पडली नाही तर तंतू वेडेवाकडे बसतात, कडक होतात आणि आजूबाजूचा चांगला स्नायूही बारीक होत जातो. मोजून दिलेल्या भाराने ते ओढीच्या दिशेने लागतात. दुखणं साधारण दोन आठवड्यांत जातं, व्रण पक्का व्हायला कित्येक महिने लागतात. या दोन तारखांमधल्या काळातच बहुतेक दुखापती उलटतात.

भार मोजायची पट्टी दुखण्याचीच. शून्य ते दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, त्यापुढे नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी आदल्या दिवसापेक्षा जास्त धरलेली नको. सकाळी धरली असेल तर व्यायाम बंद न करता एक पायरी खाली यायचं.

दुसऱ्या दिवसापासून करता येणारा व्यायाम अगदी साधा आहे. उताणं झोपा, गुडघा थोडासा वाकवा आणि टाच जमिनीत दाबा, जणू ती आपल्याकडे ओढायची आहे पण हलवायची नाही. आधी एक तृतीयांश जोर, दहा सेकंद, सहा वेळा; दिवसातून तीनदा. चालताना पावलं लहान टाकायची. लंगडत मोठी पावलं टाकण्यापेक्षा दोन दिवस कुबडी घेतलेली परवडते. टाच दाबताना दुखेनासं झालं की दोन्ही पायांवर ब्रिज: गुडघे वाकवून कंबर उचलायची, आठ-आठचे तीन सेट. मग टाचा हळूहळू शरीरापासून लांब नेत तोच ब्रिज. टाचा लांब गेल्या की मांडीत गोळा येतो. ती पुन्हा झालेली दुखापत नसते; थांबायचं, टाचा थोड्या जवळ घ्यायच्या, पुन्हा सुरू.

पुढची पायरी म्हणजे स्नायू लांब होत असताना त्याच्याकडून काम करून घेणं. फाटला तेव्हा तो नेमकं हेच करत होता, म्हणून याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. स्वीडनमध्ये यासाठी तीन व्यायामांचा एक कार्यक्रम तयार झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो करणारे वरच्या दर्जाचे फुटबॉलपटू सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना ५१ दिवस लागले. तिन्हींना यंत्र लागत नाही.

पहिल्यात उताणं झोपून दुखऱ्या पायाची मांडी दोन्ही हातांनी सरळ उभी धरायची आणि गुडघा हळूहळू सरळ करत दुखायच्या किंचित आधी थांबायचं. बारा-बाराचे तीन सेट, रोज दोनदा. इथे झटके देऊन पाय वर फेकणारे खूप असतात. तसं केलं की व्यायाम उरत नाही, नुसतं ताणणं उरतं.

दुसऱ्यात दुखऱ्या पायावर उभं राहून कंबरेतून पुढे झुकायचं, हात पुढे, दुसरा पाय मागे. गुडघा जेमतेम वाकलेला, दहा-वीस अंश. सहा-सहाचे तीन सेट, एक दिवसाआड. चूक हमखास एकाच जागी होते: मागे गेलेल्या पायाच्या बाजूचं कुल्लं वर उघडतं आणि शरीर पिळतं. कमरेवर आडवी काठी धरून बघा, ती जमिनीला समांतर राहिली पाहिजे.

तिसरा सगळ्यात कडक. एका हाताने खिडकीचे गज धरा. दुखरा पाय पुढे, सगळा भार त्याच्या टाचेवर. मागच्या पायात मोजा घाला आणि तो फरशीवरून हळूहळू मागे सरकवत जा. दुखायच्या आधी थांबा. परत येताना दुखऱ्या पायाने उठायचं नाही, हातांनी गज ओढून वर यायचं. चार-चारचे फक्त तीन सेट आणि तेही दर तिसऱ्या दिवशी. पावसाळी दमट हवेत फरशीला ओल सुटते आणि मोजा मध्येच अडकून पाय झटक्याने घसरतो, तेव्हा आधी फरशी कोरडी पुसून घ्या.

हे तिन्ही जमले की फरशीवरचा आणखी एक प्रकार घ्यावा. टाचांखाली जुनं सुती फडकं, कंबर उचललेली, आणि टाचा चार-पाच सेकंद घेत दूर सरकवायच्या. कंबर खाली पडू द्यायची नाही. आधी फक्त दूर जाण्याचा भाग दोन्ही पायांनी, मग परत ओढण्याचाही, मग एका पायाने.

नॉर्डिक नावाच्या व्यायामाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण गोव्यातल्या बऱ्याच क्लबांच्या सरावात तो माहीत असतो पण नीट होत नाही. गुडघ्यांखाली जाड चटई, जोडीदाराने दोन्ही घोटे घट्ट धरलेले, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून पुढे सावकाश झुकत जायचं. सावरता येईनासं झालं की हात टेकायचे. कुल्ले मागे राहिले की भार निसटतो, जोडीदाराने सैल धरलं की माणूस आपटतो. डेन्मार्कच्या फुटबॉल संघांत वापरला गेलेला क्रम असा: पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट. दुसऱ्यात दोनदा, सहा-सहाचे दोन. तिसऱ्यात तीनदा, सहा ते आठचे तीन सेट. चौथ्यात तीनदा, आठ ते दहाचे तीन. पाचव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत बारा, दहा, आठ असे तीन सेट. पहिल्याच दिवशी तीस वेळा केलं तर तीन दिवस जिना उतरवत नाही आणि मग संपूर्ण संघ हा व्यायाम कायमचा सोडून देतो. हा क्रम दुखापत टाळण्यासाठीचा आहे आणि जे संघ तो खरोखर करतात त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास, बाहेर पाऊस कोसळत असताना, क्लबच्या खोलीत सुरू केला तर शेतं मोकळी होईपर्यंत दहा आठवडे भरतात. हंगामात मग आठवड्यातून एकदा पुरे, पण सामन्याच्या आदल्या दिवशी नको. आधीच दुखापत झालेल्याने फडक्यावरचा प्रकार न दुखता जमल्याशिवाय नॉर्डिकला हात घालू नये.

धावायला कधी लागायचं? न लंगडता अर्धा तास भरभर चालता आलं आणि टाच पूर्ण जोराने दाबताना दुखलं नाही की. सुरुवात हलक्या जॉगिंगने. मग साठ मीटरची सरळ पट्टी आखा: पहिले वीस मीटर वेग वाढवायला, मधले वीस ठरलेल्या वेगाने, शेवटचे वीस हळूहळू थांबायला. पूर्ण वेगाच्या अर्ध्यापासून सुरुवात आणि दर खेपेला थोडी चढ. सत्तर, ऐंशी, नव्वद टक्के. वेग पचला की वेग वाढवायचं आणि थांबायचं अंतर कमी करत आणायचं, कारण सामन्यात थांबायला वीस मीटर कोणी देत नाही. ऐंशी टक्क्यांच्या वरचं धावणं एक दिवसाआडच. या टप्प्यावर सगळ्यांची घाई होते. जॉगिंग जमतं, चेंडू मारता येतो, म्हणून खेळाडू सामन्यात उतरतो, आणि दुखापतीनंतरची पहिली पूर्ण वेगाची धाव तो थेट सामन्यात मारतो. ती सरावात, ऊब आलेल्या अंगाने, निदान दोन वेगवेगळ्या दिवशी मारून झालेली असली पाहिजे. मी यात तडजोड सुचवणार नाही.

जागाही बघा. कापलेल्या भाताचे खुंट आणि बांधांचे उंचवटे असलेल्या शेतात परतीच्या धावा नकोत. किनाऱ्यावर धावायचं तर ओहोटीला, कोलव्यासारख्या सपाट, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पोटरीवर फार ताण येतो. उतरत्या पट्टीवरून एकाच दिशेने पळालं की एका पायावर सगळा भार पडतो.

मैदानात सोडण्याआधी एवढं तपासायचं: दुखरी जागा दाबून दुखत नाही, उताणं झोपून सरळ पाय दोन्ही बाजूंना सारखाच वर जातो, ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या वर आहे. शेवटी गुडघा पट्ट्याने सरळ बांधून पाय जमेल तितक्या वेगाने वर फेकायला सांगायचा. फेकताना खेळाडूच्या मनात जरा जरी धास्ती आली, तरी अजून आठवडा-दोन आठवडे व्यायाम. ही चाचणी बाकी सगळं नीट झाल्यावरच करायची, आधी नाही.

यंत्रांबद्दल विचारलं जातंच. अल्ट्रासाऊंड आणि विजेचे हलके झटके यांनी थोडा वेळ बरं वाटतं, पण स्नायू त्यामुळे लवकर जुळतो असं दिसलेलं नाही. स्वतःच्याच रक्तातून काढलेलं पीआरपीचं महागडं इंजेक्शन नेदरलँड्समधल्या चाचणीत खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. पंधरा दिवस रोज यंत्राला पाय लावून पाठवणाऱ्या आणि व्यायाम न शिकवणाऱ्या ठिकाणी पैसे घालवू नयेत.

आता पोटरीचं, कारण चाळिशीनंतर हॅमस्ट्रिंगपेक्षा तीच जास्त जाते. चवथीला फुगडी घालताना, बॅडमिंटन खेळताना, बस पकडायला पळताना मागून कोणी दगड मारल्यासारखं वाटतं; वळून बघावं तर कोणी नसतं. बहुतेक वेळा पोटरीच्या आतल्या बाजूचा वरचा स्नायू फाटलेला असतो. तत्त्वं तीच. पहिले काही दिवस दोन्ही चपलांत टाचेखाली सेंटिमीटरभर जाडी घालावी, मग टाचा उचलायचा व्यायाम: गुडघा सरळ ठेवून वरच्या स्नायूसाठी आणि गुडघा वाकवून खालच्या सोलियससाठी. दुसरा भाग लोक विसरतात. आधी दोन पायांवर पंधरा-पंधराचे तीन सेट, मग एका पायावर, आणि एका पायावर सलग पंचवीस होईपर्यंत पळायचं नाही. त्याआधी एक तपासणी मात्र हवी. उपडं झोपवून पोटरी हाताने दाबा. पाऊल खाली हललं तर ठीक, अजिबात हललं नाही तर टाचेचा कंडरा तुटलेला असू शकतो आणि त्याला व्यायाम नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर हवा.

काही दुखणी स्नायूची वाटतात पण नसतात. कोणताही झटका न लागता हळूहळू सुरू झालेलं, मांडीतून खाली मुंग्या आणणारं दुखणं बहुधा कमरेतून येतं. लांबच्या विमानप्रवासानंतर, बोटीवरून किंवा आखातातून घरी आलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, गरम लागली, आणि इजा झाल्याचं काही आठवत नसेल तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यायची. चोळायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. दम लागत असेल तर १०८ ला फोन करायचा.

पावसात शेतात उतरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. दोन्ही पोटऱ्या हात लावू देणार नाहीत इतक्या दुखतायत, सोबत ताप आहे, डोकं दुखतंय, डोळे लाल झालेत, तर ते लेप्टोस्पायरोसिस असू शकतं. उंदीर आणि गुरांच्या मुतातून चिखलात, साचलेल्या पाण्यात आलेले जंतू पायावरच्या जखमेतून किंवा भेगांतून शरीरात जातात. लावणी करून आलो म्हणून अंग दुखतंय असं समजून लोक दोन-चार दिवस काढतात आणि तेवढ्यात मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी फिजिओथेरपिस्टकडे न जाता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि गेल्या महिन्याभरात चिखलात उतरला होतात हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगा.